कानसेन आणि अंशांची चकती

गाडी अजून वळणावर असतानाच कानसेन हातातला चहा खाली ठेवत आणि म्हणत, "आली. टॅपेट वाजतोय हिचा." मग गाडी दारात येई, मालक उतरून तक्रार सांगायला तोंड उघडे, तोवर यांनी बॉनेट वर केलेलं असे. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याची लाकडी मूठ कानाला घासून घासून गुळगुळीत झालेली. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, एवढीच काय ती तपासणी. लोकांनी कानसेन हे नाव ठेवलं ते चेष्टेने, पण ते असं चिकटलं की खरं नाव सांगायची वेळ आली तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

रस्त्याच्या पलीकडे लेथचं दुकान होतं. ते वहिनी चालवायच्या. म्हणजे कानसेनांच्या त्या वहिनी. त्यांच्या जिवलग मित्राची बायको; तो असतानाही दुकानातली मोजमापं त्याच घ्यायच्या. मित्र गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता शटर पडणार. वहिनींनी दिवस उलटले तसं नवऱ्याचं जाड कापडाचं जाकीट अंगावर चढवलं, बाह्या दुमडल्या आणि लेथ सुरू केला. नवऱ्यापेक्षा काम चोख. तोंड मात्र नवऱ्यापेक्षा दुप्पट तिखट. त्या मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसत, आणि कानसेन ऐकल्याशिवाय. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं एकच भांडण चाललेलं.

"वहिनी, चहात साखर चमच्याने घालू की मायक्रोमीटरने?" कानसेन इकडून ओरडायचे.

"भाऊजी, तुम्ही एक इंजिन दोनदा उघडता. मी मोजून एकदाच बंद करते. उरलेल्या वेळात मी चहाच पिते." हे तिकडून.

भांडणाचं मूळ होतं कॅमशाफ्ट. इंजिनाच्या पोटात हा एक उंचवटे असलेला दांडा फिरत असतो. हवा कधी आत घ्यायची आणि धूर कधी बाहेर सोडायचा, हे सगळं तो ठरवतो. तो वेळेवर बसला तर इंजिन जोमाने ओढतं. जरा मागेपुढे झाला तर तेच इंजिन आजारी माणसासारखं कुथत बसतं. बसवताना चेनने जोडलेल्या दोन गिअरांवरचे ठिपके समोरासमोर आणायचे, ही सगळ्यांची रीत. कानसेन ठिपके जुळवत, इंजिन चालू करत, कान लावत. काही खटकलं की पुन्हा उघडून सुधारत. वहिनींचा त्या ठिपक्यांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे पत्र्याची एक गोल चकती होती, घड्याळाच्या तबकडीसारखी, कडेने अंश कोरलेली. ती पिस्टनांना वर-खाली करणाऱ्या क्रँकच्या टोकावर बसवून त्या प्रत्येक कॅम मोजत. नवऱ्याने स्वतः कोरलेली होती ती. कानसेन त्या चकतीला "वहिनींचं पंचांग" म्हणून हिणवायचे आणि मित्र होता तेव्हा तो मधे बसून दोघांकडे बघत हसायचा.

मग कानसेनांचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी डावा, मग उजवा. आयुष्यभर धडधडत्या इंजिनाला चिकटवलेले कान ते, किती दिवस साथ देणार? कानाचं यंत्र लावून पाहिलं; त्यात नुसती शिट्टी वाजायची. कानसेनांनी ते काढून खणात टाकलं. या काळात त्यांना एक वाईट खोड लागली. कुणी काही बोललं की मान डोलवायची आणि "हो हो, बघू" म्हणायचं. 'मला ऐकू येत नाही' एवढं काही त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. एकदा गिऱ्हाईक म्हणालं ब्रेक बघा, यांनी मान डोलावली आणि क्लच उघडून ठेवला. त्या दिवशी त्यांनी गॅरेजचं शटर खाली ओढलं.

त्याहून जिव्हारी लागली ती वेगळीच गोष्ट. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना कानसेन म्हणायचं सोडलं. चांगल्या मनानेच सोडलं. बहिऱ्या माणसाला त्या नावाने हाक कशी मारायची? सगळे एकाएकी "काका" म्हणू लागले. ओठांवरून तेवढं त्यांना कळायचं. ज्या माणसाचे कान गेले, त्याचं नावही लोकांनी दयेपोटी काढून घेतलं. कानसेन घरी आल्यावर गप्प बसून राहत आणि बायको त्यांच्यासमोर चहा ठेवून शेजारी बसून राही. ती काही समजवायला गेली नाही, याबद्दल ते मनातून तिचे फार ऋणी होते.

त्यांची एकुलती एक लेक व्हॅन चालवायची. टेकडीवरच्या दवाखान्यात नियमाने जावं लागणाऱ्या आजारी माणसांना ती घरून उचलायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. त्या व्हॅनचं इंजिन थकलं. उघडल्यावर दिसलं की कॅमचा एक उंचवटा झिजून जवळजवळ सपाट झालाय, आणि सिलिंडरही घासलेत. लेकीने दुसऱ्या कुणाकडे जायचं नाव काढलं नाही. बापासमोर उभी राहिली, तोंड नीट त्यांच्याकडे करून सावकाश म्हणाली, "बाबा, तुम्हीच करायचं."

कानसेनांच्या अंगात जणू वारं शिरलं. शटर वर गेलं. सिलिंडर वहिनींकडून बोअर करून, म्हणजे आतून कोरून सारखे करून आणले, पिस्टन नवे, कॅम नवा, त्याचा गिअरही नवा. ठिपक्याला ठिपका जुळवला. इंजिन गाडीत बसवलं, चालू केलं. मग सवयीने त्यांनी तो जुना स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

आत काहीच नव्हतं. मुठीतून कानशिलात थरथर तेवढी येत होती. चांगल्या इंजिनाची आणि वाईट इंजिनाची थरथर त्यांना सारखीच लागली. बराच वेळ ते तसेच वाकून उभे राहिले. बायको दारातून बघत होती. शेवटी ते ताठ झाले आणि म्हणाले, "ठीक वाटतंय."

लेक टेकडीवर जाऊन आली. उतरली ती हसतच. "मस्त, बाबा! एक नंबर!" लेकीला लहानपणापासून एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे बापाशी खोटं बोलणं. कान गेले होते, डोळे शाबूत होते. कानसेनांनी बायकोकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. मग लेकीने खरं काय ते सांगितलं. अर्ध्या चढावर व्हॅन पहिल्या गिअरमध्येही रडायला लागली होती. मागच्या बाकावरचे आजोबा म्हणाले होते, पोरी, मी उतरून चालत येतो, माझ्याच वजनाचा दोष असेल.

लेकीने आपल्याला सांभाळून घेतलं, हे कानसेनांना चढापेक्षा जड गेलं. रात्रीचं जेवण तसंच राहिलं. ते म्हणाले, "जुनी हत्यारं घेणाऱ्याला निरोप धाडा. शनिवारी येऊन पेटी घेऊन जा म्हणावं." बायकोने ऐकलं. निरोप धाडलाही. पण सकाळ झाल्यावर पदराला हात पुसत ती रस्ता ओलांडून लेथच्या दुकानात गेली. तिथे ती काय बोलली ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

थोड्या वेळाने वहिनी आल्या. अंगात तेच जाकीट, काखेत फडक्यात गुंडाळलेली चकती. कानसेन हत्यारं पुसून पेटीत मांडत होते. ज्या बाईला आपण वीस वर्षं चिडवलं, ती आता सांत्वन करणार, यापरतं दुसरं मरण नाही, असं त्यांना वाटलं.

वहिनी कसलं सांत्वन करणार! त्यांनी खडू उचलला आणि शटरलगतच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "माझं बोअरिंग आहे त्यात. गाडी चढ चढत नाही म्हणजे नाव माझंही जाणार. उठा!"

कानसेनांनी ते दोनदा वाचलं. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं. वहिनींनी त्यांची कीव केली नव्हती. त्या चक्क भांडायला आल्या होत्या. त्या एका वाक्यासाठी वहिनींचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं, पण पाय धरले असते तर वहिनींनी पान्हा फेकून मारला असता.

लेकीने आणि वहिनींनी साखळीची घोडी लावून इंजिन पुन्हा बाहेर काढलं. स्टँडवर चढवलं, वरचं झाकण उतरवलं, पुढचंही उघडलं. वहिनींनी चकती क्रँकच्या टोकावर बसवली आणि जाड तारेचा काटा वाकवून तिच्या कडेशी आणला. कानसेनांनी पुलीवरची खूण दाखवली: हे बघा, पिस्टन इथे टॉपला येतो. वहिनींनी मान हलवली. त्या खुणेवरही त्यांचा विश्वास नव्हता. लोखंडाची एक पट्टी सिलिंडरच्या तोंडावर आडवी आवळली. क्रँक एका बाजूने फिरवला, पिस्टन पट्टीला टेकला, काट्याखालचा आकडा खडूने टेबलावर लिहिला. मग उलट्या बाजूने फिरवला, पुन्हा टेकला, तोही आकडा लिहिला. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप. चकती त्या मध्यावर पक्की केली.

कानसेन बघत राहिले. पिस्टन अगदी वर येतो तेव्हा तिथे किंचित रेंगाळतो, नेमका कुठे थांबला ते नुसत्या डोळ्याला कळत नाही, हे त्यांना माहीत होतंच. पण त्यावर त्यांनी इलाज म्हणून आजवर कानच वापरला होता. त्या पत्र्याच्या तुकड्याला आपण उगाच इतकी वर्षं नावं ठेवली, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते लगेच म्हणालेही, "वहिनी, चुकलो हो मी." वहिनींनी हात उडवला: पुढे चला.

आता पहिल्या सिलिंडरच्या, हवा आत घेणाऱ्या वाल्वच्या टॅपेटवर, म्हणजे कॅमवर टेकून वर-खाली होणाऱ्या खुंटीवर, बारीक हालचाल मोजणारी डायल उभी केली. कॅमचा उंचवटा वर येई तसा डायलचा काटा फिरे. पूर्ण उंचीला शून्य लावायचं, त्याच्या थोडं आधीचा अंश टिपायचा आणि तितकंच थोडं नंतरचा. पुन्हा मध्य काढायचा. क्रँक फिरवायचं काम कानसेनांकडे. पहिल्याच खेपेला हात जरा पुढे गेला, काटा खुणेच्या पलीकडे गेला. त्यांनी हळूच केसभर मागे आणायला पान्हा वळवला, तोच वहिनींनी मनगटावर चापट मारली.

"असं मागे घ्यायचं नाही!" त्या ओरडल्या. मग आपण कुणावर ओरडतोय ते आठवून त्यांनी टेबलावर लिहिलं: "चेन ढिली पडते, आकडा खोटा येतो. खूप मागे जा, आणि पुन्हा सरळ या."

"मुकादम!" कानसेन म्हणाले आणि निमूटपणे मागे गेले. चांगला अर्धा फेरा मागे. मग हळूहळू पुढे. डायलचा काटा हलू लागला आणि त्यांचं लक्ष त्याच्यावर खिळलं. काटा आधी भरभर सरकला, मग मंदावला, वर पोचताना थबकला, पुन्हा उतरू लागला. टॅपेटचं सगळं चढणं-उतरणं, जे ते आजवर ऐकत आले होते, ते त्या एवढ्याशा तबकडीवर चाललं होतं. त्यांनी पुन्हा एक फेरा फिरवला, गरज नसताना. वहिनींना ते कळलं. त्यांनी घाई केली नाही.

बेरीज झाली. कॅमच्या डब्यातल्या कागदावर छापलं होतं, उंचवट्याचा माथा टॉपनंतर एकशे सात अंशांवर. टेबलावर आलं, एकशे तेरा.

वहिनींनी खडू आपटला. "सहा अंश उशीर! ठिपका चुकीच्या जागी मारलाय मेल्यांनी!"

कानसेनांना शब्द कळले नाहीत, आकडे कळले. "उशीर," ते म्हणाले. आवाज कधी मोठा होई, कधी अगदी बारीक, त्यांना त्याचा अंदाज उरला नव्हता. "असं इंजिन जांभई देतं, वहिनी. प्रत्येक झटक्याला एक जांभई. कान आधीसारखे असते ना... मला लगेच कळलं असतं." आणि एवढं बोलून ते घळघळा रडले. बायको पुढे आली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी गिअर हातात घेऊन रस्ता ओलांडून गेल्या.

गिअर शाफ्टवर ज्या चावीने, म्हणजे छोट्या लोखंडी पाचरीने, अडकतो, तशीच एक चावी त्यांनी लेथच्या दुकानात घडवली. फक्त ती एका अंगाने जराशी सरकलेली. तेवढ्या सरकण्याने कॅम पुढे येणार होता. तोवर कानसेनांनी कॅम बाहेर काढला होता, बेअरिंगांना ओरखडा नाही ना ते बघायला. आता तो परत घालायचा होता. वहिनींच्या हातून ते होणार नव्हतं. ते त्यांना जमत नसे आणि हे त्या स्वतः सांगत. लांबलचक दांडा, टोकदार उंचवटे, आणि आत बेअरिंगांच्या मऊ धातूच्या अरुंद कड्या. एक धक्का लागला की कडी गेली.

कानसेनांनी कॅमच्या नाकाडात एक लांब बोल्ट धरायला म्हणून फिरवला, उंचवट्यांना काळं वंगण बोटाने चोळलं आणि दांडा आत सरकवायला घेतला. डावा हात इंजिनाच्या पोटातून, खालून आधार देत. इथे ना ऐकायचं होतं ना बघायचं. झोपलेलं लेकरू मांडीवरून गादीवर ठेवावं तसा तो कॅम एकेका कडीतून पार होत गेला. शेवटी बसला तेव्हा वहिनींनी दोन्ही हात वर केले: मानलं!

नवी चावी, गिअर, चेन. पुन्हा चकती, पुन्हा डायल, अर्धा फेरा मागे आणि सरळ पुढे. या वेळी मनगटावर चापट खावी लागली नाही. बेरीज केली कानसेनांनी, स्वतःच्या हाताने, टेबलावर. एकशे सात.

शनिवारी सकाळी इंजिन गाडीत होतं. नवा कॅम पहिल्यांदा चालवताना इंजिन मंद ठेवायचं नसतं, थोडं चढ्या वेगाने पळवायचं असतं. लेक आत बसली, पाय दाबून धरला. गॅरेजभर धूर झाला, पत्रे थरथरले. कानसेनांचा हात आपसूक त्या लांब स्क्रूड्रायव्हरकडे गेला. त्यांनी तो उचलला, क्षणभर धरला, आणि मग वहिनींपुढे केला.

"तुम्ही ऐका."

वहिनींनी आयुष्यात कधी इंजिनाला कान लावला नव्हता. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग वाकल्या. कानसेनांनी टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं, मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर नीट बसवली. "डोळे मिटा," ते म्हणाले. "जांभई देतंय?"

वहिनींनी मान हलवली. नाही.

"मग काय करतंय? नीट ऐका. घाई करू नका. सांगा मला."

वहिनींपाशी मोजमापं रग्गड होती. आवाजासाठी शब्द नव्हते. पण त्यांचा चेहरा बदलत गेला, तो कानसेनांना दिसत होता. त्या सरळ झाल्या. खडू घेतला आणि भिंतीवर, त्या जुन्या भांडणाच्या खाली लिहिलं:

"हे लेथवर उभे राहून स्वतःशीच गुणगुणायचे ना, तसं."

कानसेनांना तो आवाज ठाऊक होता. रस्त्याच्या पलीकडून कितीतरी वर्षं तो येत असे. काम मनासारखं चाललं की मित्र गुणगुणायचा. ना सूर, ना शब्द, नुसता एक समाधानाचा हुंकार. आता तो त्यांना डोक्यात लख्ख ऐकू आला. इंजिन कसं चाललंय ते त्यांना नेमकं कळलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचे उपकार आहेत माझ्यावर. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही."

वहिनींनी जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले. "मी कधी ऐकलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "ते बोलवायचे, ये, भाऊजी काय ऐकतात बघ. मी म्हणायचे, मला कामं आहेत." यातलं किती कानसेनांना कळलं कोण जाणे. त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर वहिनींच्या हातातून परत घेतला नाही. वहिनींनीही चकती मागितली नाही. ती गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवली.

लेक आजारी मंडळींना घेऊन टेकडीवर गेली. कानसेन दारात उभे राहून वाट बघत होते. ती परत आली, उतरली, आणि या वेळी तिने "मस्त" वगैरे काही म्हटलं नाही. तिसऱ्या गिअरच्या खुणेसाठी तीन बोटं वर केली आणि बापाच्या गळ्यात पडली. अख्खा चढ तिसऱ्यात! मागच्या बाकावरच्या आजोबांनी म्हणे बजावून सांगितलं होतं, बापाला सांग, माझं वजन कमी झालेलं नाही.

या सगळ्या गोंधळात जुनी हत्यारं घेणारा येऊन उभा होता, हातगाडी घेऊन. कुणाशी बोलावं ते त्याला कळेना. "इथे एक पेटी विकायची होती ना? काका कुठेत?"

वहिनी तोवर रस्ता ओलांडून आपल्या दारात पोचल्या होत्या. तिथूनच त्यांनी दोन्ही हात हलवले आणि कानसेनांचं लक्ष वेधून घेतलं. मग तोंड मोठ्ठं उघडून, एकेक अक्षर सुटं करत, पूर्वीसारख्या ओरडल्या, "अहो कानसेन! पेटी विकताय का, विचारतोय तो!"

रस्त्यावरची माणसं चपापली. चहावाला किटली हातात धरून थांबला. गेले कित्येक महिने ते नाव त्या रस्त्यावर कुणी उच्चारलं नव्हतं.

कानसेनांनी ते ओठ नीट वाचले. त्यांचा चेहरा असा उजळला की लेकीला पुन्हा रडू फुटलं. मग ते सावकाश आत गेले, हत्यारांची पेटी ओढत दारापर्यंत आणली, तिच्यावर ऐसपैस बसले आणि हातगाडीवाल्याकडे बघून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काय म्हणताय? जरा मोठ्याने बोला. मला ऐकू येत नाही!"